मामाजींच्या ताटातलं दिल

आमच्या घरी बकरा कापला की त्याचं दिल मामाजींच्या ताटात जायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे. ही रीत कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. कलेजी लेकरांना वाटायची, मुंडी आणि पाय दुसऱ्या दिवशीच्या रश्शाला ठेवायचे, आणि दिल मात्र न तोडता, अख्खं, वेगळ्या वाटीत शिजवून घरच्या मोठ्या माणसापुढे ठेवायचं. शिजवायच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. चुलीपाशी बसून जन्मभर दिलं शिजवली त्या बाईनं. चव कशी असते, हे तिला विचारलं असतं तर तिनं मामाजींकडं बोट दाखवलं असतं.

ते दिल एकदा मी शाळेत नेलं. त्याची ही गोष्ट. घरात अजूनही कोणी पाहुणा आला की ती निघते, आणि दर वेळी कोणीतरी काहीतरी वाढवून सांगतं, म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकावी.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते. सन अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार. ती मुलगी आज मला रस्त्यात भेटली असती तर मी तिला दोन टोमणे मारल्याशिवाय सोडलं नसतं. निऱ्यांना पिन, हातात घड्याळ, आणि ऊन असो नसो, काखेत छत्री. घड्याळ बरेचदा बंद असायचं, पण ती दर थोड्या वेळानं मनगट उलटं करून त्यात पाहायची. वर्गात ती रेडिओवरच्या बातम्यांसारखी मराठी बोलायची. घरी आल्यावर मात्र ‘मले भूक लागली’ म्हणायची. भंडाऱ्याच्या कॉलेजात तिनं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं होतं, दुसरं सुरू व्हायच्या आत लग्न झालं, आणि त्या एका वर्षाच्या जोरावर जगातलं सगळं विज्ञान आपल्याला समजलं असा तिचा पक्का समज होता.

आमचं गाव सिहोऱ्याच्या बाजूचं. चहूकडं धानाच्या बांध्या, गावाच्या डोक्यावर तलाव आणि त्याची पार, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये होता, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा, त्यामुळे या गोष्टीत तो सापडणार नाही. गावात नुकतंच हायस्कूल निघालं होतं. विज्ञानाचे मास्तर पावसाळा लागताच निघून गेले. त्यांच्या बायकोच्या उशापाशी साप निघाला होता. संस्थेच्या मेंबरांना दुसरा कोणी मिळेना. तेव्हा ते मामाजींकडं आले. मामाजी स्वतः मेंबर होते, तलावाच्या पाणीवाटपात त्यांचा शब्द शेवटचा असायचा, आणि घरात तर दुसऱ्या कोणाचा शब्दच नव्हता. ते म्हणाले, “एखादा माणूस भेटेपर्यंत जाईल सून.”

एखादा माणूस. म्हणजे मी माणसात मोडत नव्हते, हे मला तेव्हाच सांगून झालं होतं. पण मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन निघाले.

शाळा मला का हवी होती, ते सांगते. घरी मला सगळे ‘काय व’, ‘कोठी गेली व’, ‘आण व’ म्हणत. शाळेत सारा वर्ग उभा राहून ‘बाई’ म्हणायचा. बस, एवढंच. पुढं मोठमोठी कारणं सुचली, सत्काराच्या भाषणात ती मी सांगितलीही, पण पहिलं कारण हे होतं.

धानाची रोवणी सुरू असतानाच बातमी आली की तुमसरकडचा एक मास्तर यायला तयार आहे. रोवणी संपली की लगेचच्या रविवारी मेंबरांची बैठक होणार होती. मामाजींनी ‘बोलवा’ म्हटलं की माझी छत्री खुंटीला. आणि ते तसं म्हणणार, यात कोणालाच शंका नव्हती.

तरी मी त्यांना खूश करायला बघत होते. आणि एकदा ते साधलंही.

नववीच्या वर्गाला मी हृदय शिकवत होते. फळ्यावर माझं हृदय फार सुरेख निघायचं. कॉलेजात माझी सगळी हुशारी चित्रातच होती. बेडूक कापायचा तर मी डोळे मिटून घ्यायची आणि कापायची माझी जोडीदारीण. मी मात्र तांबडी-निळी पेन्सिल घेऊन अशी आकृती काढायची की मार्क तिच्यापेक्षा मला जास्त. माझ्या त्या सगळ्या हृदयांत एक गोष्ट सारखी होती. डावीकडची भिंत, उजवीकडची भिंत, वरच्या कप्प्यांची, खालच्या कप्प्यांची, सगळ्या एका पेन्सिलीच्या एका रेघेच्या.

पुस्तकात मात्र एक वाक्य होतं: डाव्या जवनिकेची भिंत उजव्या जवनिकेपेक्षा जाड असते. जवनिका म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे. का जाड असते, ते नव्हतं. आता पुस्तकात नाही म्हणजे आपण सांगायलाच हवं. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, “आपल्या तलावाची पार किती रुंद असते? आणि शेतातल्या बोडीची पार किती लहान असते? कारण तलावात पाणी जास्त, बोडीत कमी. तसेच डाव्या बाजूस रक्त जास्त असते, म्हणून तिची भिंत जाड.”

वर्गानं मान डोलावली. का डोलावणार नाही? आमच्याकडं जन्मलेलं लेकरू चालायला लागायच्या आधी तलावाच्या पारीवर बसतं. जास्त पाणी तिथं मोठी पार, हे त्याला शिकवावं लागत नाही. तलावाच्या मुलखाबाहेर कोणी ही चूक केली नसती, आणि तलावाच्या मुलखात ती कोणी पकडली नसती.

संध्याकाळी मी ते दाखल्यासकट मामाजींना सांगितलं. ते अंगणात बाजेवर बसले होते. तलाव म्हटल्याबरोबर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

“म्हणजे आपल्या छातीत तलाव हाये म्हणतेस?”

“हो मामाजी. डाव्या अंगानं तलाव आन् उजव्या अंगानं बोडी.”

“बरं सांगतलं,” ते म्हणाले. “चांगलं सांगतलं व.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते गावभर सांगायला सुरुवात केली. पानठेल्यावर सांगितलं, पाणीवाटपाच्या पंचांना सांगितलं, सिहोऱ्याच्या बाजारात सांगितलं. डाव्या छातीवर हात ठेवून म्हणायचे, “ह्या अंगानं तलाव हाये.” मला वाटलं, झालं. आता कशाचा तुमसरचा मास्तर.

आणि मग वर्गातल्या एका टुरीनं, म्हणजे पोरीनं, हात वर केला.

ती बौद्ध मोहल्ल्यातली. बाप मँगनीजच्या खाणीत कामाला. वर्गात ती खिडकीच्या कडेला बसायची, आणि सुटीत इतर लेकरं मटक्यात पेला बुडवून पाणी प्यायची तेव्हा ही ओंजळ धरून थांबायची, कोणी वरून ओतेपर्यंत. असं काही शाळेत चालत नाही, असं सगळेच सांगायचे. चालत होतं.

“बाई, रगत तं गोल फिरते ना? उजव्या अंगातून फुप्फुसात, तेथून डाव्या अंगात?”

“होय. बरोबर आहे.”

“मंग जेवढं उजव्यातून गेलं तेवढंच डाव्यात येईल. डाव्यात जास्त कोठून येते?”

मी घड्याळात पाहिलं. ते बंद होतं. मी म्हणाले, “ते पुढच्या इयत्तेत आहे.”

पुढच्या इयत्तेचं पुस्तक मी त्याच रात्री चाळलं. त्यात नव्हतं. रक्त गोल फिरतं, हे मीच फळ्यावर बाण काढून दाखवलं होतं. बाण काढताना ते मला दिसलं नव्हतं आणि त्या पोरीला दिसलं. राग आला. तिचा नाही, माझ्या त्या सुरेख चित्रांचा. ठरवलं की आता खरं दिल कापून पाहायचं, वर्गासमोर, आणि जे दिसेल ते सांगायचं. ही काही सत्याची ओढ नव्हती. चारचौघांत अडले होते, त्याची चीड होती. पण चिडीनंही कामं होतात.

रोवणी संपली. आमच्याकडं रोवणीच्या शेवटी रोवणाऱ्या बायांना आणि गड्यांना मटण-भाताचं जेवण असायचं. बकरा सकाळीच कापला. आत्याबाई मटण धुऊन परातीत लावत होत्या, दिल एका वाटीत बाजूला काढलेलं. मी शाळेचा डबा रिकामा केला, इकडं-तिकडं पाहिलं आणि दिल डब्यात टाकलं.

आत्याबाईंची माझ्याकडं पाठ होती. कांदा चिरता चिरता त्या पाठीनंच म्हणाल्या, “परत आणजो.”

मी डब्याचं झाकण दाबलं.

“आन् धुऊन आणजो,” त्या म्हणाल्या.

वर्गात मी टेबलावर पळसाची पत्रावळ मांडली, तिच्यावर दिल ठेवलं, नवऱ्याच्या दाढीचं पातं काढलं, आणि माझे डोळे आपोआप मिटले. कॉलेजातली सवय. मागच्या बाकावरचे टुरे हसायला लागले.

“बाई, डोरे उघडा,” खिडकीकडून आवाज आला. ती उठून आली. दोन्ही हातांनी दिल धरलं तिनं, घट्ट, लेकराचं डोकं धरावं तसं. “आता कापा. हालत नाही.”

डोळे उघडून मी पातं चालवलं. उजवीकडची भिंत चटकन फाटली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. डावीकडं पातं अडलं. दाबलं, परत दाबलं, तेव्हा आत गेलं. मांस जाडच्या जाड, घट्ट विणलेलं. दोन्ही भिंती शेजारी धरल्या तर एक नऊवारीचा पदर, एक घोंगडी. वरचे दोन कप्पे तर इतके पातळ की बोट आतून लावलं तर बाहेरून दिसावं.

मग चिरा वर धरून चमच्यानं पाणी घालून पाहिलं. हेच खरं पाहायचं होतं मला. जाड भिंतीच्या कप्प्यात तलावाएवढं मावलं पाहिजे होतं. मावलं नाही. उलट पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यातच चमचाभर जास्त गेलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “बाई, मंग तलावाचं?”

“खोटं,” मी म्हणाले. रेडिओची मराठी कुठं गेली कोणास ठाऊक. “तलावाचं मी खोटं सांगतलं. रगत दोन्हीकडं तेवढंच हाये.”

“मंग भिंत जाड काहून?”

तेव्हा त्या टुरीनं दिलाला चिकटलेल्या नळ्या उचलल्या. एक नळी पांढरट, जाड. कापली तरी गोल उभी राहिली, तोंड उघडं ठेवून. दुसरी हातातून सोडली की चपटी व्हायची, ओल्या चिंधीसारखी. तिनं दोन्ही दाबून पाहिल्या आणि पुढच्या बाकावरच्या पोरीच्या हातात दिल्या. मग ते दिल आणि त्या नळ्या साऱ्या वर्गात फिरल्या. पाटलाच्या घरची, तेल्याघरची, कोष्ट्याघरची, ढिवराघरची, बौद्ध मोहल्ल्यातली, सगळ्यांची बोटं त्या एका दिलाच्या आत जाऊन आली. मुद्दाम केलं म्हणावं तर तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं. हेडमास्तर नाकाला रुमाल लावून दारात उभे होते. त्यांच्या मात्र ध्यानात आलं.

जाड नळी हृदयातून निघते, पातळ नळी परत येते. हे पुस्तकात होतं, मी ते वर्गाकडून घोकून घेतलं होतं. पण हातात धरल्यावर विचार करावा लागला. निघताना रक्ताला धक्का असतो, आणि तो धक्का नळीच्या भिंतीला सोसावा लागतो, म्हणून तिला अंग हवं. परत येताना धक्का सरलेला असतो, मग तिचं पातळ भिंतीत भागतं. आणि ज्या कप्प्यानं तो धक्का द्यायचा, त्याचं काय? उजव्याला रक्त पाठवायचं ते बाजूच्या फुप्फुसात. शेजारणीला भाजीची वाटी द्यावी एवढं अंतर. डाव्याला पाठवायचं ते पायाच्या अंगठ्यापर्यंत आणि डोक्यापर्यंत. वरचे कप्पे तर नुसते खाली ओततात, त्यांना भिंत हवी कशाला. जेवढं लोटावं लागतं तेवढं मांस.

हे मी वर्गात अर्धं-मुर्धं सांगितलं. उरलेलं परत येताना तलावाच्या पारीवर सुचलं. पार मधोमध रुंद होती, दोन्ही टोकांना निमुळती. पाणी तर एकच, एकाच तलावाचं. मधोमध ते खोल होतं, तिथं ते पारीला जास्त रेटत होतं. टोकांना उथळ, तिथं रेटा कमी. म्हणजे तलावानं मला चुकीचं सांगितलं नव्हतं. मी पाण्याचा पसारा पाहिला, खोली पाहिली नाही. तिथंच उभी राहून मी मोठ्यानं हसले, आणि धुणं धुणाऱ्या बायांनी मास्तरीणबाईला काय झालं म्हणून वर पाहिलं.

घरी अंगणात रोवणाऱ्या बायांच्या पंगती बसल्या होत्या. आत्याबाईंनी डबा घेतला आणि कापलेलं दिल पाहिलं. मामाजींनी दोनदा विचारलं होतं म्हणे, दिल कोठी हाये. आत्याबाईंनी सांगितलं होतं, शिजून राहिलं. त्यांनी ते तुकडे उकळत्या रश्शात टाकले आणि मला म्हणाल्या, “वाढशील तूच.”

मामाजी माजघरात पाटावर बसले. मी ताट ठेवलं, आणि बाजूला वाटी.

त्यांनी वाटीत पाहिलं. “हे काय व? तोडलं कोणं?”

“मी तोडलं, मामाजी. शाळेत.”

“शाळेत?”

“लेकरांले दाखवाले नेलं होतं. धुऊन आणलं, शिजवलं.”

त्यांचा हात ताटावरच थांबला. मग हळूच विचारलं, “कोणाकोणाचे हात लागले?”

इथं मला खोटं बोलता आलं असतं. माझेच लागले म्हटलं असतं तर त्यांनी खाल्लं असतं, आणि रविवारी कदाचित चार शब्द बरे बोलले असते. पण त्या पोरीनं सकाळी ते दिल घट्ट धरून ठेवलं होतं, आणि ते हात गोष्टीतून काढून टाकणं मला जमेना.

“साऱ्या वर्गाचे लागले,” मी म्हणाले. “बौद्ध मोहल्ल्यातल्या टुरीनं तं धरूनच ठेवलं. ती नसती तं कापलंच गेलं नसतं.”

त्यांनी वाटी बोटानं दूर सारली. “उचल हे. आन् उद्यापासून शाळा बंद.”

“शाळा बंद नाही होत, मामाजी.” मी वाटी उचलली नाही. “मी उद्या जाईन. तलावाचं मी चुकीचं सांगतलं, ते मले नीट करून सांगाचं हाये.”

“तलावाचं काय चुकीचं?” दिलापेक्षा हे त्यांना जास्त लागलं. “मी गावभर सांगतलं ते.”

“तुमी माह्या भरवशावर सांगतलं. मी चुकली. आपली पार मधात रुंद काहून हाये?”

त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. पण तलावाबद्दल कोणी विचारलं आणि मामाजी गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं. “मधात पाणी खोल हाये म्हणून,” ते म्हणाले.

“आन् टोकाले?”

“टोकाले उथळ.”

“पाणी तं एकच ना? म्हणजे पाणी किती हाये त्यावर पार नाही, पाणी रेटते किती त्यावर हाये. दिलाचं बी तसंच. रगत दोन्ही अंगानं तेवढंच. डाव्याले दूर लोटा लागते, म्हणून तो जाड.”

मामाजी वाटीकडं पाहात राहिले, जणू ती उठून चालायला लागेल. बाहेर बाया हसत होत्या, भाताचं टोपलं फिरत होतं.

तेव्हा आत्याबाई आल्या. पदराला हात पुसले, मामाजींच्या ताटासमोर खाली बसल्या, आणि ती वाटी स्वतःकडं ओढली.

“काय करून राहिली तू?” मामाजी म्हणाले.

“तुमाले नको ना?”

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. मला विचारलं, “हा कोणता?”

मी वाकून वाटीत उरलेलं पाहिलं. “उजवा असंन.”

“नरम हाये.” मग दुसरा घेतला. हा चावायला वेळ लागला. गालाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला, परत आणला. “हा डावा. जाड हाये. दाताले समजते.” गिळला, आणि मामाजींकडं वळल्या. “तुमी इतके वर्स खाऊन राहिले. तुमाले नाही समजलं?”

मामाजींनी ताटातला भात कालवला आणि जेवायला लागले. वाटी आत्याबाईंनी पुसून खाल्ली. मला दिली नाही, हेही सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी छत्री घेतली आणि निघाले. कोणी अडवलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. पण रविवारची बैठक राहिलीच होती.

बैठक शाळेतच होती. मी लागूनच्या वर्गात फळा पुसायला गेले. रविवारी फळा कोण पुसतं, हा प्रश्न मला तेव्हाही कोणी विचारला नाही. दोन वर्गांच्या मध्ये बांबूचा तट्ट्या होता, त्यातून शिंकसुद्धा ऐकू यायची.

हेडमास्तरांनी सुरुवात केली. बाईंनी वर्गात मांस आणलं. सगळ्या जातीच्या लेकरांनी त्यात हात घातले. गावातून बोलणं येईल.

एका मेंबरानं विचारलं, “ते दिल तुमच्याच घरच्या बकऱ्याचं होतं म्हणतात?” हे मामाजींना.

मी फडकं धरून थांबले. मामाजींनी आता फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. हो, माझ्याच घरचं, सुनेनं न विचारता नेलं, काढा तिला. तुमसरचा मास्तर दुसऱ्या दिवशी हजर झाला असता. पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न दारात उभाच होता: मग तुमच्या घरी ते दिल तुमच्या ताटात जाते ना, सगळ्या गावाला ठाऊक हाये, मग ते खाल्लं कोणं? सगळ्या मोहल्ल्यांचे हात लागलेलं ते दिल त्यांच्या बायकोनं, त्यांच्या ताटासमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, मिटक्या मारत खाल्लं होतं. ते सांगायचं की नाही? आणि नाही सांगायचं तर मला काढायचं कारण काय सांगायचं?



“बकऱ्याचं होतं,” मामाजी म्हणाले. “कोणाच्या घरचं ते दिलावर लिहून नसते.”

कोणीतरी हसलं. हेडमास्तर म्हणाले, “पण मग तुमसरच्या मास्तरांचं...”

“आताच कायले? साल अर्धं झालं. राहू द्या.”

जून-जुलैला सुरू झालेलं साल रोवणी संपता संपता अर्धं झालं होतं, असं त्या दिवशी आमच्या संस्थेच्या मेंबरांनी एकमतानं मान्य केलं. पुढच्या वर्षीही ‘राहू द्या’ झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. ज्या शिवाशिवीच्या रीतीपायी त्यांनी मला घरात बसवायचं ठरवलं होतं, त्याच रीतीनं त्यांचं तोंड बांधून टाकलं. मी काही त्यांचं मन वळवलं नाही. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, परवानगीही दिली नाही, आणि मी ती कधी मागितली नाही. राहिलेल्या परीक्षा मी पुढं दिल्या, आणि त्या शाळेतून निघाले ती पेन्शन घेऊनच.

मटका मी सोमवारीच बदलला. पेल्याला लांब दांडा लावून घेतला आणि सांगितलं, सगळ्यांनी आपल्या हातानं घ्यायचं. दोन घरांची लेकरं महिनाभर घरून पाणी आणत होती. आणू दिलं. उन्हाळा लागल्यावर आपोआप मटक्यावर आली. बाटली वागवायचा कंटाळा कोणत्याही रीतीपेक्षा मोठा असतो. ती खिडकीतली टुरी पुढं नर्स झाली आणि साकोलीच्या बाजूला दवाखान्यात लागली. एकदा भेटली तेव्हा मला म्हणाली, “बाई, तुमी अजून डोरे मिटता का?”

मिटत नाही. परवा मुलगा मला डॉक्टरकडं घेऊन गेला होता. डॉक्टरनं मशीनवर छाती पाहिली आणि मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायला लागला, आजींना बीपी आहे ना, तर एका बाजूची भिंत थोडी जाड झाली आहे. मी पलंगावरूनच म्हणाले, “डावी ना?” तो दचकला. म्हटलं, बाळा, जन्मतः दोन्ही भिंती जवळजवळ सारख्याच असतात. पुढं डावीला लोटावं लागतं म्हणून ती जाड होते, आणि समोरून रेटा वाढला की आणखी जाड होते. आता जे काय सांगायचं ते मला सांग, माझ्या लेकानं तर विज्ञान आठवीतच सोडलं. गोळी दिली त्यानं. घेते मी. मीठ कमी कर म्हणाला, ते पाहू.

मामाजींनी त्यानंतर दिल कधी खाल्लं नाही. नको म्हणाले नाहीत. फक्त वाटी समोर आली की भात कालवायला लागायचे. मग ती वाटी आत्याबाईंच्या पुढं जायला लागली, आणि काही वर्षांनी आमची नवी रीतच झाली ती. मी दिल उभं चिरायची, दोन वाट्या करायची. त्या वाकून पाहायच्या, आणि त्यातली एक, नेहमी तीच, स्वतःकडं ओढायच्या.

“मले डावा दे व,” म्हणायच्या. “नरम खाले पुढं म्हातारपण पडलं हाये.”